दर पावसाळ्यात सुटणारी गिटार: दोष बोटांचा की लाकडाचा?

चार वर्षं लागोपाठ माझं एकच झालं. जूनमध्ये गिटार कपाटावरून खाली काढायची, जुलैभर बोटं सोलून घ्यायची आणि गणपतीच्या आधी 'आपल्याक काय ह्या जमाचा नाय' म्हणत परत कपाटावर टाकायची.

मी मालवणात बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात काउंटरवर असतो. हंगामात सकाळी सातला शटर वर जातं ते रात्री नऊला खाली येतं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इंजिनं उघडून बसलेल्यांची गर्दी असते, नंतर मात्र काउंटरवर माश्या मारायच्या. म्हणजे गिटारला वेळ मिळतो तो नेमका याच दिवसांत. आणि किनाऱ्यावरची गिटार वर्षातल्या सगळ्यात वाईट अवस्थेत असते तीही नेमकी याच दिवसांत. हे कळायला मला चार वर्षं आणि एक सुतार लागला.

ज्यांचं वय तिशी-चाळिशीच्या पुढे आहे, ज्यांनी स्टीलच्या तारांची सहा-सात हजारांची गिटार ऑनलाइन मागवली आहे, जे मोबाईलवर बघून शिकतात आणि समुद्रापासून फार लांब राहत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुण्यात एसीत बसून वाजवणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्या.

लक्षणं

फेब्रुवारीत बरी वाजणारी सी आणि जी कॉर्ड (बोटांनी एकदम धरायचे तारांचे आकार) जुलैत दुखायला लागते. एफ तर दाबताच येत नाही, सहापैकी चार तारा ठप्प. रात्री सुरात लावून ठेवलेली गिटार सकाळी ट्यूनर लावला की सगळीच्या सगळी किंचित चढलेली दिसते. बारीक तारांवर तपकिरी ठिपके, जाड तारा काळवंडलेल्या, आणि दहा मिनिटं वाजवलं की बोटांच्या टोकांना जुन्या नाण्यांचा वास. बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, पुढे काहीही धरलं तरी बेसूर.

यातली प्रत्येक गोष्ट मी स्वतःच्या खात्यात लिहीत होतो. बोटं जाड आहेत, वय झालंय, कान नाही. मोबाईलवरचा मास्तरही तेच सांगतो: सराव करा, बोटांना घट्टे पडतील, सगळं ठीक होईल. तो बसलाय कुठे, त्याच्या खोलीत हवा कशी, हे तो सांगत नाही.

गेल्या वर्षी जुलैत मागचं दार लागेना म्हणून सुताराला बोलावलं. फणसाच्या लाकडाचं जुनं दार, दर पावसात चौकटीत अडकतं. त्याने कड रंधून दिली, चहा घेतला आणि कॉटवर पडलेल्या गिटारकडे बघत बसला. मग खिशातली स्टीलची पट्टी काढून ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या पोटावरच्या लाकडी पट्टीच्या) मागे, गिटारच्या पोटावर आडवी ठेवली. पट्टी मधेच टेकली आणि दोन्ही टोकांना झोपाळ्यासारखी हलायला लागली.

"पावसात दार लागना नाय, तसाच हिचा झालाहा," तो म्हणाला. "प्वाट फुगलाहा हिचा."

त्याने आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती.

होतं काय

लाकूड ओल घेतं तेव्हा ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने वाढतं. दाराची फळी रुंद होते आणि चौकटीत अडकते. गिटारच्या वरच्या फळीला मात्र बाजूला पसरायला जागाच नसते. जेमतेम तीन मिलिमीटरची ती फळी चहूकडून चिकटवलेली, आतून आडव्यातिडव्या पट्ट्यांनी बांधलेली. मग ती वर फुगते. तिच्यावर ब्रिज बसलेला, ब्रिजवर तारा. फळी वर गेली की तारा वर गेल्या, म्हणजे त्या दाबायला बोटाला जास्त अंतर आणि जास्त जोर. शिवाय कारखान्यातून येणाऱ्या सहा तारा मिळून जवळपास ७० किलोच्या ओढीने तो ब्रिज खेचत असतात, त्यामुळे फुगलेलं पोट आणखी वर यायलाच बघतं.

सकाळी सूर चढलेला असतो त्याचंही कारण हेच. फळी फुगली, तारा ताणल्या गेल्या, सूर वर. गिटार नुसती ठेवल्या ठेवल्या चढत असेल तर खुंट्यांना दोष देऊ नका, ती ओल पितेय. उतरत असेल तर गोष्ट वेगळी: नव्या तारा, खुंटीवरचे सैल वेढे किंवा कोरडी हवा.

स्वस्त गिटारींना वरची फळी बहुतेक प्लायची असते. ती सबंध लाकडापेक्षा कमी फुगते, पण फुगते. माझी प्लायचीच आहे.

तपासणी

एवढं कळल्यावर मी गिटारकडे इंजिनाकडे बघतात तसं बघायला लागलो. इंजिन सुरू होत नसेल तर कोणी खलाशाला दोष देत नाही. आधी डिझेल येतंय का बघतात, मग हवा, मग पुढचं. इथे तीन गोष्टी बघायच्या, त्याही याच क्रमाने. सुरुवातीला गिटार नीट सुरात लावून घ्या. सैल तारांवर घेतलेलं माप खोटं येतं.

पहिलं माप बाराव्या फ्रेटवर. दुकानात फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हाताशी असतं म्हणून मी ते वापरलं, पण घरात त्याहून सोपं साधन आहे. एटीएम कार्ड जगभर एकाच जाडीचं असतं, ०.७६ मिलिमीटर. आधारचं प्लास्टिक कार्डही चालेल, फक्त उठावाची अक्षरं असलेला भाग नको. बाराव्या फ्रेटची धातूची पट्टी आणि सगळ्यात जाड तार यांच्यामध्ये, तार न उचलता, कार्डं एकावर एक सरकवून बघा. तीन कार्डं जेमतेम जात असतील तर अंतर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास आहे, उत्तम. चार कार्डं सरकली तर तीन मिलिमीटर झालं, आणि नवशिक्याचा छळ इथून सुरू होतो. माझ्या गिटारमध्ये पाचवं कार्डही घुसलं. त्या दिवशी ती कार्डं हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून होतो. चार पावसाळे मी पावणेचार मिलिमीटरशी कुस्ती खेळलो होतो.

दुसरं माप दांडीचं. जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा. आता तार म्हणजे सरळ फुटपट्टी झाली. सातव्या फ्रेटच्या आसपास तारेखाली किती फट आहे ते बघा. पाव मिलिमीटर, म्हणजे साधारण एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी हवी. अशी तीन-चार व्हिजिटिंग कार्डं जात असतील तर दांडी पुढे वाकली आहे. अजिबात फट नसेल तर ती मागे कललीय, आणि मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा झणझणतील. पावसात दांडी दोन्हीकडे जाऊ शकते, म्हणून बघितल्याशिवाय कशालाही पाना लावायचा नाही.

तिसरं माप नटचं, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचं, आणि नव्या स्वस्त गिटारीत खरा चोर बहुतेक इथेच सापडतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर डोळा लावा. तिथे केसाएवढीच फट पाहिजे. वरून टिचकी मारली की तार फ्रेटला टेकते आणि बारीक 'टिक' येतो. फट ढळढळीत दिसत असेल तर नटच्या खाचा कारखान्यातून पुरेशा खोल करून आलेल्याच नाहीत. याचा पावसाशी संबंध नाही, पण पोट फुगण्यावर हा बोजा वर येऊन बसतो.

माप नको वाटत असेल तर नटसाठी आणखी एक परीक्षा आहे. पहिल्या फ्रेटवर एफ धरा. मग तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे ती ए होते. पाचव्यावर सहज वाजते आणि पहिल्यावर मेल्यासारखी वाजते? मग पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा आणि त्याच्या लगेच पुढे तोच आकार धरून बघा. एकदम हलकं वाटलं तर बोटं निर्दोष सुटली, नट गुन्हेगार. दोन्हीकडे सारखीच अवघड वाटली तर अडचण हातात आहे, तिच्याकडे नंतर येतो.

दुरुस्ती, आणि काय करू नये

सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारा टेकतात ती पांढरी पट्टी, काढून खालून घासणे हा सगळीकडे सांगितलेला उपाय. हिशेब सोपा आहे: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासायचं, दुप्पट. पण जुलैत घासलेलं सॅडल जानेवारीत नडतं. हवा कोरडी झाली की पोट खाली बसतं, तारा फ्रेटवर टेकतात आणि सगळी गिटार झणझणायला लागते. मी दोन सॅडल ठेवली आहेत. मूळचं तसंच जपून ठेवलंय. दुसरं, हाडाचं, शंभर-दीडशे रुपयांचं आणून तेवढंच पावसासाठी घासलंय. जूनमध्ये एक काढायचं, दुसरं बसवायचं. ज्या बाजूला जाड तार येते तिथे पेन्सिलने खूण करा, नाहीतर उलटं बसतं. माझं एकदा बसलंय.

दांडी खरोखर वाकली असेल तर आत ट्रस रॉड, म्हणजे दांडी सरळ ठेवणारी सळई, असतो, तो ॲलन कीने फिरवायचा. घड्याळाच्या दिशेने घट्ट केला की वाकलेली दांडी सरळ होते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावून रात्रभर ठेवायची आणि सकाळी मोजायची. आमच्या काउंटरवर येणारे मेकॅनिक पाना अडला की त्याला पाईप लावून जोर वाढवतात. गिटारला तसं केलंत तर रॉड तुटेल आणि सहा हजारांची गिटार भिंतीवरची शोभा होईल. जोर लागतोय असं वाटलं की थांबा. काही अगदी स्वस्त गिटारींत रॉड नसतोच, तेव्हा आधी भोक आणि त्यात रॉडचा फिरवायचा नट (तारांच्या खाचांचा नव्हे) दिसतो का ते बघा.

नटच्या खाचांना मात्र मी हात लावला नाही. त्याला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते आणि केसभर जास्त गेलं की नट फेकून द्यावा लागतो. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जाणं झालं तेव्हा गिटार बरोबर नेली आणि तिथल्या एका कारागिराकडून करून आणली. तोपर्यंत महिनाभर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवत होतो. कॅपो लावला की नटचा संबंधच संपतो. सूर अर्ध्याने चढतो एवढंच, आणि त्याचा मला पुढे फायदाच झाला.

सगळ्यात स्वस्त आणि झटपट उपाय शेवटी सांगतोय, पण करायचा आधी: तारा हलक्या लावा. कारखान्यातून बहुतेक ०.०१२ इंचाचा संच येतो (हा आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा). ०.०१० चा लावला की एकूण ओढ जवळपास वीस टक्क्यांनी उतरते. बोटांना आराम, आणि पोटावरचा ताणही कमी. आवाज थोडा बारीक होतो. मला चालतो.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून बघा. सरकला तर ब्रिज सुटायला लागलाय. मग तारा त्याच दिवशी सैल करायच्या आणि वाजवणं बंद, वर सांगितलेलं काहीही करायचं नाही. घरातला फेविकॉल तर अजिबात नाही. ते काम कारागिराचं.

तारांचा गंज

याबाबतीत मी स्वतःला जाणकार समजत होतो, कारण दिवसभर गंजाचंच काम. म्हणून दुसऱ्या वर्षी मी दुकानातला गंज सोडवायचा स्प्रे तारांवर मारला. गंज निघाला. पण ते तेल फ्रेटबोर्डच्या लाकडात उतरलं, जाड तारांच्या वेढ्यांत बसलं आणि आवाज ओल्या दोरीवर टिचकी मारल्यासारखा झाला. तारा टाकून दिल्या, फ्रेटबोर्ड पुसता पुसता आठवडा गेला.

आता कळलेलं सांगतो. बारीक दोन तारा म्हणजे नुसतं पोलाद, वर कथलाचा पातळ मुलामा. जाड चार तारांत आत पोलाद आणि वर तांब्याच्या मिश्रधातूची गुंडाळी. पाकिटावर '८०/२० ब्रॉन्झ' लिहिलेलं असेल तर ते ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त आहे, म्हणजे नाव ब्रॉन्झ आणि माल पितळ. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये साधारण ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि नावापुरता फॉस्फरस. दोन वेगळे धातू चिकटून बसलेले आणि मधे खारट ओल: बोटवाल्याला पुढचं सांगायला नको. म्हणूनच आपण बोटीच्या तळाला जस्ताचा तुकडा ठोकतो, तो आधी झिजावा आणि पंखा वाचावा म्हणून. गिटारला तसा तुकडा ठोकता येत नाही. आणि इथे खारट ओल दोन्हीकडून येते, हवेतून आणि आपल्याच घामातून.

जुलैत मालवणात साध्या तारा माझ्याकडे बारा-पंधरा दिवस टिकल्या. कोटेड तारा, म्हणजे वरून पातळ प्लास्टिकचा थर असलेल्या, महाग पडतात पण दोन महिने जातात. हिशेबाला त्याच परवडतात. हात धुऊन, कोरडे करून वाजवायचं, आणि झाल्यावर जुन्या सुती बनियनचा तुकडा तारेच्या वरून आणि खालूनही ओढायचा. खालून पुसायला सगळेच विसरतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. खोबरेल लावू नका. कोकणात आपण कोयतीपासून केसांपर्यंत सगळ्याला खोबरेल लावतो, पण लाकडात ते खवट होतं आणि धूळ धरतं.

गंजाचा एवढाच कंटाळा असेल तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्या. हे मी चेष्टेत म्हणत नाही. खालच्या तीन तारा नुसत्या नायलॉनच्या, त्या गंजायचा प्रश्नच नाही. वरच्या तीन काळ्या पडतात, पण बोटं कापत नाहीत. या तारांचा जन्मही एका टंचाईतून झाला: दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या आणि १९४०च्या दशकात अल्बर्ट ऑगस्टीन नावाच्या कारागिराने अमेरिकेत नायलॉन वापरून बघितलं. आमच्याकडे घरोघर पडलेला तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, लावून बघायचा मोह मलाही झाला होता, मी आवरला. फक्त एक ध्यानात ठेवा: क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावायच्या नाहीत. ओढ जवळपास दुप्पट होते आणि ब्रिज उपटून हातात येतो.

ठेवायची कुठे

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. माझ्या खोलीतला काटा जुलैत ८८ ते ९२ दाखवतो. तो काटा म्हणजे तीन-चारशे रुपयांचं डिजिटल आर्द्रतामापक, आणि तो खरं बोलतो का ते घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पार विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक एकाच झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसलं पाहिजे. ओल्या मिठाच्या वरची कोंडलेली हवा ७५ वरच थांबते. माझं मापक ७९ दाखवत होतं, तेव्हापासून मी चार वजा करून वाचतो, वरचे आकडेही तसेच वजा करून दिलेत. मीठ मापकाला लागू देऊ नका.

चिऱ्याच्या भिंतीवर गिटार टांगायची नाही. पावसाळ्यात ती भिंत आतून ओलीच असते, हात लावून बघा. चुलीवरच्या माळ्यावर सगळं कोरडं राहतं म्हणून आमच्या आजीने तिथे ठेवायचं सुचवलं होतं. तिथे सुकी मासळी ठीक, गिटार नको. धूर आणि उष्णता दोन्ही वाईट, डिंक मऊ पडतो. उन्हाची तिरीप आली म्हणून अंगणातही ठेवायची नाही.

मी दोन गोष्टी करतो. कपाटाच्या खालच्या खणात पिवळा, जुन्या पद्धतीचा १५ वॅटचा दिवा, गिटारपासून आणि कपड्यांपासून हातभर लांब. पूर्वी कॅमेरे असे ठेवायचे. हवा पाच अंशांनी तापली की ९० टक्क्यांची आर्द्रता आपोआप ६७-६८ वर येते, हवेतलं पाणी तेवढंच राहूनही. एलईडीचा दिवा लावून उपयोग नाही, तो तापतच नाही. आणि वीज जाते तेव्हा, म्हणजे पावसात वरचेवर, हा उपाय बंद.

म्हणून दुसरी गोष्ट: गिटारच्या कव्हरमध्ये पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि सगळं कव्हर गादीला येते तसल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. नुसत्या कापडी कव्हरमध्ये जेल ठेवलं तर ते अख्ख्या मालवणची हवा सुकवायला निघतं. नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं आणि ते विषारी आहे. रंग बदलला की जुन्या पसरट तव्यावर मंद आचेवर परत रंग येईपर्यंत तापवायचं. तो तवा पुन्हा भाकरीला वापरायचा नाही. बाजारात कपाटात टांगायच्या पिशव्या मिळतात, ज्यांच्या खाली पाणी साठतं, त्या गिटारजवळ नकोत. ते पाणी कॅल्शियम क्लोराइडचं असतं, सांडलं तर तारा आणि खुंट्या दोन्ही खातं.

आता बोटं

हे सगळं केल्यावर बारावा फ्रेट सव्वादोनवर आला आणि मला कळलं की चारपैकी तीन हिस्से दुखणं गिटारचं होतं. उरलेला एक हिस्सा माझाच.

आम्हा कामकरी माणसांच्या बोटांचं एक वेगळंच असतं. घट्टे पडायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पाण्यात हात घातला की ते मऊ होतात. आंघोळीनंतर, भांडी घासल्यावर, मासे साफ केल्यावर लगेच वाजवलं तर घट्ट्याची साल निघते आणि खाली पुन्हा बाळाची कातडी. अर्धा तास जाऊ द्या. फुटलेल्या टोकांना रात्री मुठेल लावा, कोकमाच्या बियांचं तेच तूप जे टाचांना लावतो. सकाळपर्यंत भेग मिटते.

वेळेचं म्हणाल तर रात्री नऊनंतर तासभर बसायचो ते सोडलं. थकलेला हात चुकीचंच शिकतो, आणि आठवड्यातून दोनदाच बसणं व्हायचं. आता दुकानाला जाण्याआधी पंधरा मिनिटं, रोज. पाच मिनिटं एकाच जोडीची अदलाबदल: मोबाईलवर एक मिनिट लावायचं आणि जी-सी-जी-सी किती वेळा स्वच्छ बदलते ते मोजून कॅलेंडरवर लिहायचं. माझा पहिला आकडा ११ होता, पाच आठवड्यांनी ३४ झाला. उरलेली दहा मिनिटं काहीतरी वाजवायचं, नाहीतर ती नुसती कवायत होते. बसायचं बिनहाताच्या खुर्चीवर. कॉटवर बसलं की पाठ वाकते, मनगट मुडपतं आणि बोटाचा जोर अर्धा होतो. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे टेकवायचं. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लागतो.

एफ मी अजून पूर्ण धरत नाही. चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसऱ्या तारेवर दुसरा, दुसऱ्या तारेवर पहिला आणि पहिली तार मोकळी, एवढ्यावर भागवतो. ती एफ मेजर सेव्हन होते, बहुतेक गाण्यांत कोणाला कळत नाही.

कॅपो आणि पेटी

म्हापशाहून गिटार आल्यावरही कॅपो पहिल्या फ्रेटवरच राहिला, कारण वाडीतले भजनी बुवा. आरतीला पेटीवर ते काळी एक, काळी दोन नाहीतर काळी चार धरतात, म्हणजे त्या पट्टीला सा मानून गातात. मी आधी कागदावर शार्प-फ्लॅट मांडत बसायचो. मग लक्षात आलं, कॅपो एकवर असला की सी चा आकार म्हणजे काळी एक, डी चा काळी दोन, जी चा काळी चार, ए चा काळी पाच. सोपे आकार सगळे काळ्या पट्ट्यांवर जाऊन बसतात. फक्त गिटार पेटीला लावून घ्यायची, मोबाईलला नाही. पेटी जागच्या जागी बदलता येत नाही, आणि पावसात तिचेही सूर चिकटतात, ते तिचं दुखणं वेगळं.

गेल्या गणपतीत पहिले दोन दिवस घरोघरच्या आरत्यांना काळी चार, काळी दोन असं छान निभावलं. तिसऱ्या दिवशी बुवांचा घसा बसला. पेटी पुढे ओढून म्हणाले, "आज पांढरी चार धरूया रे."

पांढरी चार म्हणजे एफ. कॅपो पाचव्या फ्रेटवर नेऊन सी चा आकार धरला की झालं असतं, पण हे मला घरी जाताना, शेवटच्या वळणावर सुचलं. त्या रात्री मी टाळ वाजवले.